या गुरुवारची चूक, पुढल्या गुरुवारी

मास्तर, पहिल्या दिवसापासून माझा तुमच्यावर संशय होता. गेलेल्या माणसाबद्दल असलं काही लिहू नये, चांगलं तेवढं आठवावं, हे मला ठाऊक आहे. पण तुम्हीच म्हणायचात ना, जिथं अडतंय तिथनंच सुरू करा म्हणून? माझं इथंच अडतंय.

मी तशी कुणाचं ऐकून शिकणाऱ्यातली नाही. सात रस्ता चौकाजवळ तीस वर्षं ब्लाउज शिवले, ते काही क्लास लावून नाही. शेजारणीचा जुना ब्लाउज मागून आणला, सगळा उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून आखून घेतले, की आलं. गिटारीचंही तसंच करायला गेले. माझी नात केतकी पुण्याला गेली, तेव्हा तिची गिटार कपाटावर टाकून गेली. ती काढली, पुसली आणि मोबाईलवर बघून बघून दोन वर्षं वाजवली. दोन वर्षांनी कळलं की ही बया काही उसवता येत नाही. बोटं अडकायची तिथंच अडकायची. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. शहराच्या पूर्व भागात राहतात, मागावर जॉबर होते, दिवसा बिघडलेले लूम दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मी रिक्षात गिटार आडवी घालून आले.

आणि पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून बसलात. मी बोलतेय तोवर नजर हलेना. मला वाटलं, सकाळची पोह्यातली मोहरी लागली असेल ओठाला. पदरानं पुसलं. तरी तुमची नजर तिथंच. घरी जाऊन आरशात बघितलं, मिश्या तर आल्या नाहीत ना मला?

मग वाजवायला बसले, तर तुम्ही उठून जवळ आलात आणि गिटारीच्या मागच्या अंगावर तळहात ठेवलात. अख्खा पंजा, सरळ लाकडावर. मी थांबले. तुम्ही म्हणालात, "थांबू नका ओ ताई, चालू द्या की." मी चालू दिलं, पण सगळं लक्ष त्या हातावर. सहासष्टाव्या वर्षी बाईमाणसाला असा विचार येऊ नये, पण आला. नंतरच्या गुरुवारी मी मुद्दाम जाड ओढणी घेऊन आले होते, ती गिटारीच्या पाठीवर टाकली. तुम्ही ती घडी करून खुर्चीवर ठेवलीत आणि परत हात तिथंच. तेव्हा वहिनी, तुमच्या राजमणीवहिनी, आतल्या दारात उभ्या होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना हसताना बघितलं तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. बायको हसतेय म्हणजे तसलं काही नसावं. पण मग कसलं?

चार वर्षं हेच चाललं होतं, मास्तर. एक संशय गेला की दुसरा यायचा.

तुम्ही माझी गिटार कधी जुळवून दिली नाहीत. बाकीच्या शिकवणाऱ्या लोकांचं मी ऐकलंय, ते आधी स्वतः जुळवून देतात. एप्रिलमध्ये तुमच्या त्या पत्र्याच्या खोलीत तारा अशा उतरायच्या की अर्धा तास खुंट्या पिळण्यात जायचा. मी म्हणायचे, द्या ओ जुळवून, वेळ चाललाय. तुम्ही म्हणायचात, "वेळ तुमचा, कान तुमचा. तुमचं तुमी जुळवा." मोबाईलवर काटा बघून जुळवायला निघाले तर तुम्ही मोबाईल पालथा घातलात. कानानंच जुळवायचं! आणि मग एकदा मी दहा मिनिटं लवकर आले, तर तुम्ही स्वतःची गिटार मांडीवर घेऊन बसलेले, तिच्या डोक्याला तो सूर जुळवायचा चिमटा लावलेला, हिरवा दिवा लागायची वाट बघताय! आठवतंय? काय भांडले होते मी त्या दिवशी.

"स्वतः दिवे बघायचे नि मला सांगायचं कान वापरा?"

"माझं वेगळं हाय ओ, ताई."

"वेगळं काय? तुम्हाला काय शिंगं आहेत?"

"शिंगं असती तर बरं झालं असतं," म्हणालात आणि हसलात, आणि चहा सांगायला आत उठून गेलात. तो एक आणखी संशय. चहा सांगायला तुम्ही कायम उठून आत जायचात. एवढीशी दोन खोल्यांची जागा, मध्ये पडदा, तिथनं हाक मारली तर पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल. पण नाही. मला वाटायचं, आत जाऊन माझ्याबद्दल काहीतरी बोलतात.

ते भांडण आपलं राहूनच गेलं. मी ते परत काढायची आणि तुम्ही परत चहाला उठायचात.

पण मला सगळ्यात जास्त खुपायचं ते वेगळंच. तुम्ही माझी चूक त्या दिवशी कधीच सांगितली नाहीत. मी वाजवायची, तुम्ही हात ठेवून बसायचात, बोटांकडे बघायचात, "बरं" म्हणायचात. बोट वाकडं पडलं, मनगट मोडलं, तार फ्रेटच्या पट्टीपासून लांब दाबली, हे लगेच सांगायचात. "तार दाबायची हाय, गळा नव्हं," असं म्हणून अंगठा सैल करायला लावायचात. कॉर्ड बदलताना सगळी बोटं एकदम उचलायची नाहीत, एक बोट घरी राहू द्यायचं, बाकीची त्याच्या भरवशावर फिरून येतात, हेही तुम्हीच दाखवलंत. त्या एका गोष्टीनं माझी दोन वर्षांची अडलेली बोटं पंधरा दिवसांत सुटली, हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आता करते.

मात्र माझी घाई कुठं झाली, लय कुठं सुटली, कुठला सूर बसकट आला, हे तुम्ही पुढच्या गुरुवारी सांगायचात. आणि ते इतकं नेमकं, की अंगावर काटा यायचा. "मागल्या खेपेला तिसऱ्यांदा घेतलं तवा शेवटाला पळालात तुमी." आठ दिवसांनी! हे काय वही लिहून ठेवतात का, म्हणून मी तुमच्या खोलीत वही शोधली आहे, मास्तर. तुम्ही आत गेलात की गादीखाली बघितलंय. आज सांगते, राग मानू नका.

मी केतकीला फोनवर म्हणाले होते, "हा माणूस कुणाला तरी विचारून मला शिकवतोय."

ती म्हणाली, "आज्जी, तू ना, देवळातल्या पुजाऱ्यावरपण संशय घेशील."

"घेतेच. दोनदा खरा निघालाय."

तर आता त्या केतकीचा साखरपुडा. या रविवारी, अकलूजला, मुलाकडच्यांच्या दारात. तिनं मला अट घातली होती की तिच्या आजोबांची शिळेची चाल मी गिटारवर वाजवायची. आमचे हे सायकलवरून घरी येताना शीळ घालत यायचे, कायम एकच चाल, कुठली होती देव जाणे, त्यांची त्यांनीच केलेली. ते गेल्यावर ती चाल आमच्या दोघींच्याच डोक्यात उरली. मी तिला म्हटलं, मास्तर "झालं" म्हणाले तर वाजवीन. नाही म्हणाले तर नाही. चारचौघांत आजोबांची चाल मोडून दाखवायला मला जमणार नाही. मोडली तर मग तीच मोडकी सगळ्यांच्या कानात राहील.

तुम्हाला हे सगळं मी सांगितलं होतं. सहा महिने आपण त्या एका चालीवर काढले. मी दरवेळी पहिल्यापासून सुरू करायची, तुम्ही हात धरून थांबवायचात. "धागा तुटला तर आख्खं थान पयल्यापासनं विणता का? तुटला तितंच गाठ मारायची." मग तेवढाच तुकडा, चार सुरांचा, वीसदा. तेही असं सावकाश की मला झोप यावी. "लूम जोरात सोडला की टॉवेल भराभर निघत्यात, पण डाग कुटं पडला ते बगायला सापडत न्हाय." आणि डाव्या हातानं घोळ घातला तरी उजवा थांबवायचा नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. शिवणाच्या मशीनवर टाका चुकला की पाय आपोआप थांबतो, तीस वर्षांची सवय. तुम्ही म्हणायचात, हितं थांबलं तर लोकांना चूक दिसती, नाय थांबलं तर तुमची तुम्हालाच दिसती.

आणि मग तो तीन आठवड्यांमागचा गुरुवार. मी चाल वाजवली. तुम्ही परत वाजवायला लावली. तिसऱ्यांदा वाजवताना बघते तर तुम्ही डोळे मिटलेले. हात गिटारीवर, डोळे मिटलेले, मान खाली. मला वाटलं, झोपले हे. चाल संपली तरी तुम्ही हात काढला नाहीत. लाकूड पार गप्प झाल्यावर डोळे उघडलेत आणि म्हणालात, "झालं, ताई. आता माझ्याकडनं सांगायचं काय राहिलं नाय."

चार वर्षांत त्याच दिवशी दिलेला निकाल तो पहिलाच. मला आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? मला राग आला. मला वाटलं, कंटाळले. साखरपुडा जवळ आलाय, म्हातारीचं मन कशाला मोडा, म्हणून उरकलं. मी गिटार पिशवीत घातली, दारात गेले, पाठमोरी होऊन चपला घालता घालता म्हणाले, "खोटं बोलताय मास्तर. या वयात तरी लाज वाटू द्या."

आणि तुम्ही आतून म्हणालात, "सावकाश जावा. कोपऱ्यावर रिक्षा मिळंल."

मला वाटलं, बघा, ऐकून न ऐकल्यासारखं करतायत. मी मागं वळूनही बघितलं नाही.

मंगळवारी तुम्ही गेलात. सकाळी चहा घेऊन बसलात आणि कप हातातच राहिला, असं वहिनी म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते एकच वाक्य. लाज वाटू द्या. चार वर्षांत एवढं शिकवलंत आणि जाताना माझ्याकडून हे घेऊन गेलात. मी घरी गिटारीला हात लावला नाही. केतकीचे फोन आले, मी "बघू" म्हणाले.

मग तुमच्या दहाव्याला तुमची लेक माझ्याशेजारी बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "मशीन आणून दिलं होतं आम्ही कानाचं, ते घालायचेच नाहीत. नुसता खडखडाट ऐकू येतो म्हणायचे."

मी म्हटलं, "कुणाच्या कानाचं?"

"बाबांच्या. मावशी, तुम्हाला माहिती नव्हतं? डावा कान केव्हाच गेला होता, उजव्यानं थोडंसं. लूमवर जन्म गेला, तिथल्या सगळ्यांचंच होतं तसं. तिथं बोललेलं ऐकूच येत नाही, ओठ बघूनच समजून घेतात. समोर बसून बोललं की त्यांना कळायचं, पाठीमागनं काही नाही."

मास्तर, मी तिथनं उठून बाहेर येऊन उभी राहिले. लोकांना वाटलं, बाईला उन्हाचा त्रास झाला.

पाठीमागनं काही नाही! म्हणजे ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तुम्ही खरंच मला रिक्षाचं सांगत होता. कधी नव्हे ते मी देवाला हात जोडले, तुमच्या पोरीच्या त्या बोलण्यासाठी. आणि मग दोन मिनिटांनी दुसरं लक्षात आलं. मग तुम्ही माझं ऐकत कसं होता?

आठवडाभर मी तुमचा एकेक सल्ला काढला आणि उसवून बघितला. तुमचं तुमी जुळवा, हा सल्ला होता की तुम्हाला जुळवता येत नव्हतं? चिमटा कशाला लागत होता ते तर उघडच झालं. हात ठेवायचात, तो मागावर ठेवायचात तसाच असणार. लूमच्या अंगाला तळहात लावून कुठं बिघडलंय ते सांगणारी माणसं मी बघितली आहेत. एवढं जुळलं. पण हातानं घाई कळेल, बसकट सूर कसा कळेल? आणि तोही आठ दिवसांनी? माझा तो जुना संशय, कुणाला तरी विचारून शिकवताय हा, तो काही जाईना.

म्हणून काल, गुरुवारी, मी गिटार घेऊन तुमच्या घरी गेले. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर, मांडीवर सूप, सुपात तंबाखू नि पानं, विड्या वळत बसलेल्या. तीन आठवड्यांत बाई वाळून अर्धी झाल्यात. मी समोर बसले आणि सरळच विचारलं.

"वहिनी, मास्तरांना माझ्या चुका कोण सांगायचं?"

त्यांचा हात थांबला नाही. विडी वळली, दोरा गुंडाळला, तोडला. मग म्हणाल्या, "मी की."

"तुम्हाला गिटार येते?"

"मला काय कळतंय अक्का त्यातलं? आजवर हात लावला नाय." आणि सुपातली एक विडी उचलून मला दाखवली. "ही वळताना हात एका चालीत जातो. तुमी तिकडं चांगलं वाजवत असला की माझी विडी घट्ट येती. तुमी पळाला की माझा बी हात पळतो, विडी सैल येती. सैल विडी मी बाजूला ठेवायची. जेवताना ते विचारायचे, ताईंचं आज कसं? मी सांगायची, तिसऱ्या बारीला शेवटाला सैल झाली. ताटावर बोटानं वाजवून दाखवायची."

"आणि बेसूर व्हायचं ते?"

"ते तर कुणालाबी कळतंय. दात शिवशिवत्यात."

मला हसू यावं का रडू, कळेना. चार वर्षं माझी परीक्षा पडद्याआडच्या सुपात चालली होती. माझा संशय खरा निघाला, मास्तर. तुम्ही असता तर मी तुमच्यासमोर टाळी वाजवून म्हटलं असतं, बघा! सांगत नव्हते?

मग मला विचारायचं होतं ते विचारलं. "शेवटच्या गुरुवारी मी ती चाल वाजवली, मास्तर झालं म्हणाले. त्या दिवशी तुमची विडी कशी आली होती?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "त्या दिवशी मी घरात कुटं होते, अक्का? मी विड्या द्यायला गेले होते. परत आले तवा तुमी निघून गेला होता."

म्हणजे ते "झालं" फक्त तुमचं होतं. मध्ये कुणी नव्हतं. डोळे मिटलेले, ऐकू येत नाही, बायको घरात नाही, आणि तरी म्हणालात झालं. कशावरून म्हणालात? काय आलं तुमच्या हाताला? मी कालपासून हेच विचारतेय आणि तुम्ही आपले फोटोत बसलाय. फोटोतसुद्धा बघताय माझ्या तोंडाकडेच.

मी वहिनींना म्हटलं, "आज ऐका. आत्ता वाजवते, आत्ता सांगा. रविवारी साखरपुडा आहे."

त्या म्हणाल्या, "जावा बाहेर तुमच्या जागेवर. समोर बसून मला कळायचं नाय."

मी बाहेर आले. जुळवली. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता चाल वाजवली, एकदाच. पडदा हलला नाही. थोडी थांबले, मग आत गेले आणि वाकून सुपात बघायला लागले, कुठली बाजूला ठेवलीय ते. तर त्या बाईनं सुपावर पदर टाकला!

"पुढल्या गुरुवारी सांगते."

"अहो वहिनी, रविवारी आहे म्हणतेय मी!"

"त्यांना मी जेवल्याबिगर कदी सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सरळ सांगायची सवय नाय मला, अक्का. आठ दिवस तरी द्या."

मग त्यांनी चहा टाकला, आम्ही दोघींनी प्याला. निघताना दारातून मी वळून, समोर तोंड करून, त्यांना येते म्हणाले.

आज सकाळी केतकीचा परत फोन आला. "आज्जी, शेवटचं विचारते. वाजवणार का नाही? मी यादीत नाव लिहू का?"

मी म्हटलं, "लिही."

"नक्की? मास्तर काय म्हणाले होते गं?"

"झालं म्हणाले होते."

तिला माझा स्वभाव ठाऊक. हळूच म्हणाली, "आणि तुला पटलं?"

मास्तर, खरं सांगते, नाही पटलेलं. वहिनींचा निकाल गुरुवारी येईल, तोवर साखरपुडा होऊन जाईल, हार वाळून जातील. रविवारी त्या मांडवात दोन्हीकडच्या माणसांसमोर माझ्याजवळ तुमच्या त्या एका शब्दाशिवाय काही नसणार. तो खोटा असला तर सगळ्यांसमक्ष कळेल आणि तुमच्याशी भांडायलाही सोय नाही.

पण पोरीनं असं विचारल्यावर माझ्या तोंडून काय गेलं सांगू? म्हटलं, "मास्तरांवर संशय घेऊ नको."